हेडिंग वन, ऊर्फ माड

बोर्ली पंचतनच्या बाजारात मी उभं आयुष्य टायपिंगचं दुकान चालवलं, तरी मी नेमकं काय करते हे माझ्या सख्ख्या जावेलाही कधी कळलं नाही. "तुझं बरं आहे, बसून काम," असं ती म्हणायची. बसून काम हे खरं. त्या बसण्याने माझी कंबर गेली, मान गेली आणि आता डोळेही त्याच वाटेवर आहेत. दुकान गेल्या वर्षी बंद केलं. संपादकांनी सांगितलं, की दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, एकदोन सांगतेही. पण मला जे खरं सांगायचंय ते गमतीचं नाही. तेव्हा फराळाची बशी पुढ्यात घेऊन वाचणार असाल, तर आधी ती संपवा.

टायपिंग म्हणजे बोटांचा वेग, असा लोकांचा समज. तो टाइपरायटरच्या काळात खरा होता. कॉम्प्युटर आल्यावर कळलं, की वेगाने टायपणारे गल्लोगल्ली आहेत, पण मजकूर नीट लावून देणारा विरळा. आमच्याकडे प्रबंध घेऊन मुलं यायची. प्रत्येक मथळा हाताने मोठा केलेला, हाताने ठळक केलेला. मग त्यांचे गाइड म्हणणार, मथळे जरा लहान करा. झालं, मूल रडकुंडीला. अशा वेळी उपयोगी पडते ती स्टाईल. मथळा दिसला की त्याला रंगवत बसायचं नाही, त्याला एक नाव लावायचं आणि कसं दिसायचं ते त्या नावाला सांगायचं. शाळेने गणवेश बदलला की सगळी पोरं दुसऱ्या रंगात दिसतात, तसं. नावाला सांगितलं, लहान हो, की पुस्तकातले झाडून सगळे मथळे लहान होतात.

ही नावं वर्ड, म्हणजे ज्यात टायपायचं तो प्रोग्रॅम, स्वतःच घेऊन येतो. मोठ्या मथळ्याला हेडिंग वन, त्याच्या पोटातल्याला हेडिंग टू, साध्या मजकुराला नॉर्मल, कुणाचं बोलणं उद्धृत करायचं असेल तर कोट. ही जन्माची नावं, ती पुसता येत नाहीत. मात्र एक सोय आहे. नावापुढे स्वल्पविराम द्यायचा आणि आपलं नाव लिहायचं. मग एका बारीक चौकटीत खूण केली की मूळ नाव झाकलं जातं आणि आपलं तेवढं दिसतं. आत ते असतंच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दुकानात एकटीच हसले होते. माहेरची मी शालन. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरंच नाव लिहिलं, आणि शालन अशी गेली की आता फक्त माझ्या भावाच्या तोंडी उरली आहे. कॉम्प्युटर आमच्या सासरच्यांपेक्षा बरा निघाला.

तर या नावांपायी काय काय गिऱ्हाइकं पाहिली! हरिहरेश्वरच्या वाटेवरच्या एका लहान देवळाचे चिटणीस माहितीपुस्तिका करायला आले. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय? देवाच्या माहात्म्याला नॉर्मल?" मी म्हटलं, काका, ते छापून येत नाही. "न येवो. देवाला दिसतं ना!" मग नॉर्मलपुढे स्वल्पविराम देऊन 'प्रसाद' लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. एका वकीलसाहेबांनी तर जमिनीच्या वादाच्या कागदावर टायटल हे नाव लावूच दिलं नाही. "बाई, या जमिनीचं टायटल कुणाचं यावर कोर्टात भांडतोय मी, आणि तुम्ही खुशाल पहिल्याच ओळीला देऊन टाकताय!" त्यांच्यासाठी त्या स्टाईलचं नाव 'वादग्रस्त' ठेवलं. पुढे त्यांचे सगळे कागद त्याच नावाने निघाले, अगदी मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

आता करमरकर सरांचं.

सर हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. मला शिकवलंय त्यांनी. कडक. 'हेडिंग'चं स्पेलिंग चुकलं म्हणून माझ्याकडून वही भरून लिहून घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर दिवेआगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची वडिलांची नारळ-पोफळीची वाडी ते बघत. मुलगा अनिरुद्ध पुण्याला नोकरीत. चक्रीवादळ आलं तेव्हा सगळ्यांच्या वाड्या झोपल्या तशी त्यांचीही झोपली. पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. माड थोडे उभे राहिले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी सर दुकानात आले. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, मागे काकू, आणि त्यांच्याही मागे दारात गोविंद, म्हणजे त्यांच्या वाडीतला पाडेली. माडावर चढून नारळ पाडतो तो. सर खुर्चीत बसले, मशीन उघडलं आणि म्हणाले, "शालन, हे वरती मोठं असतं ना, प्रकरणाच्या डोक्यावर, त्याला काय म्हणतात?"

"हेडिंग, सर."

"हां, हेडिंग." त्यांनी मान हलवली. थोडा वेळ काहीतरी टायपलं, आणि पुन्हा माझ्याकडे वळून तेच विचारलं, त्याच शब्दांत. मी काकूंकडे पाहिलं.

सरच बोलले. त्यांना झाकपाक कधीच जमली नाही. "अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा रोग आहे. वाढत जाणार. आगरदांड्याहून परत येताना बोटीवर मी हिला विचारलं म्हणे, आपण कुठे चाललोय. मला ते आठवत नाही, पण ही खोटं बोलणार नाही. इंग्रजी आधी चाललंय माझं. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरलं तेच आधी."

आणि मग काय हवंय ते त्यांनी सांगितलं. वाडी नव्याने उभी करायची होती. अनिरुद्ध म्हणाला होता, "बाबा, मला यातलं काही येत नाही. तुम्ही सगळं लिहून द्या, मी वाडी ठेवतो. नाहीतर माझ्याच्याने होणार नाही, विकावी लागेल." मुलगा खोटं बोलत नव्हता, आणि बापालाही ते पटलं होतं. म्हणून सर पुस्तक लिहायला बसले होते. खड्डा केवढा, पाण्याची पाळी कशी, रोठा सुपारी कधी उतरवायची, आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं, बियाण्याचा नारळ कुठल्या माडाचा घ्यायचा. तेवढं पुरं होईस्तोवर डोकं टिकायला हवं होतं.

"तुम्ही सांगा, मी टायपते," असं मी म्हटलं.

"नको. बोलायला लागलो की वाक्य हातातून सुटतं आणि परत येत नाही. इथे ते थांबून राहतं. मी चहा पिऊन आलो तरी तिथल्या तिथे असतं. फक्त ही नावं माझ्याने धरवत नाहीत. हेडिंग, आणि ते दुसरं... आणि ते..."

मी म्हटलं, "सर, नावं तुम्हीच ठेवा. तुमची चालतात याला."

असे खुलले म्हणून सांगू! खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मोठं असेल त्याला माड. त्याच्या पोटात येतं त्याला पोफळ. माडांच्या मध्ये पोफळच लावायची असते." मी हेडिंग वनपुढे स्वल्पविराम देऊन माड लिहिलं, हेडिंग टूपुढे पोफळ. "आणि साधा मजकूर?" मी विचारलं. दारातून गोविंद म्हणाला, "आळं म्हना सर. सगला पानी तिथंच तर जातंय." सरांनी त्याच्याकडे वळून, वर्गात हुशार पोराला द्यायचे तशी, शाबासकी दिली. नॉर्मलचं आळं झालं. उरलं कोट. वाडीचं सगळं शहाणपण सरांच्या आईचं. ती जे बोलायची ते तिच्याच शब्दांत वेगळं दिसायला हवं, असं त्यांना वाटत होतं. त्याला त्यांनी 'आई' असं नाव दिलं. मूळ नावं मी झाकून टाकली. स्क्रीनच्या उजव्या बाजूला चार शब्द राहिले, आणि चारही सरांना घराइतके ओळखीचे.

त्यानंतर पाऊस लागला तरी सर लिहीतच होते. दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाऊन मजकूर बघून यायची. खरं सांगते, इतकं नेटकं मराठी मी प्रबंधांतही पाहिलं नाही. लहान वाक्यं, कुठे फापटपसारा नाही. "आळ्यात पाणी मुरताना आवाज येतो. तो थांबला की पाट फिरवावा." मी तपासणं सोडून वाचतच बसायची.

पण रोग काही थांबला नव्हता. पाण्याच्या पाळीचं प्रकरण त्यांनी पुनःपुन्हा लिहिलं, दर वेळी नव्याने, आधी लिहिल्याची आठवण नसताना. मी त्यांना दाखवायची. ते वाचायचे, त्यांचा चेहरा उतरायचा, मग म्हणायचे, "दुसरं ठेव, ते बरं उतरलंय." एकदा काकू स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "अगं, काल मला विचारत होते, तुम्ही कुणाकडच्या? पण तिथे बसले ना, की बरोबर माडावर बोट जातं त्यांचं." त्या चार नावांवर काकूंचा माझ्याहून जास्त विश्वास बसला होता. देवाला दिवा लावावा तसा त्या सकाळी लॅपटॉप उघडून ठेवायच्या.

गणपतीपर्यंत शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. बियाण्याचं.

आमच्याकडे गणपतीला घरची माणसं गावी येतात ती नुसती आरत्यांना येत नाहीत. वर्षभराची डागडुजी त्या थोड्या दिवसांत उरकायची असते. कुणी कौलं चाळतो, कुणी विहिरीचा पंप खोलतो, कुणी वायरिंग बदलतो. म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांचं काही अडायला नको, म्हणून मुलगा येतो आणि हाताला लागेल ते नीट करून जातो. अनिरुद्धही तसाच. त्याने न्हाणीघराचा नळ बदलला, ओट्याला कठडा बसवला आणि बाबांच्या लॅपटॉपकडे वळला. जुनं मशीन, कधी बंद पडेल नेम नाही. त्याने पुस्तकाची फाइल काढून आपल्या ऑफिसात वापरतात त्या ऑनलाइन प्रोग्रॅममध्ये उघडली, म्हणजे पुण्यालाही एक प्रत राहील. तिथे थोडी साफसफाई केली, मोकळ्या जागा काढल्या आणि तीच फाइल परत बाबांच्या मशीनवर आणून ठेवली. जुनी फाइल, गोंधळ नको म्हणून, पुसून टाकली. गौरीगणपती पोचवून तो पुण्याला गेला.

वर्डमध्ये आपण ठेवलेली नावं दुसऱ्या प्रोग्रॅमला कळतातच असं नाही. त्या प्रोग्रॅमला आपलं नाव कळलं नाही, म्हणून ते गळून पडलं. जन्माचं होतं ते वर आलं. दिसायला पुस्तक अक्षर न् अक्षर तेच. फक्त उजव्या बाजूला हेडिंग वन, हेडिंग टू, नॉर्मल, कोट.

काकूंचा फोन आला, "सर नुसते बसलेत गं. जेवले नाहीत. तू ये."

मी गेले. सर पडद्याकडे बघत होते. मला पाहून हळूच, लहान मुलाने चोरून काही विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "शालन, इथे माड होता ना? की मला नुसतं वाटायचं?"

"होता सर. तुम्हीच ठेवला होता."

"मग गेला कुठे?"

मी सांगितलं. अनिरुद्धने काय केलं, नाव का गळालं, सगळं. सरांनी ऐकलं, मान हलवली, आणि जरा वेळाने पुन्हा विचारलं, गेला कुठे. समजावलेलं राहत नव्हतं, बसलेला धक्का मात्र राहिला होता. शेवटी मी म्हटलं, थांबा, परत लावून देते. काम पाच मिनिटांचं. स्वल्पविराम, माड. स्वल्पविराम, पोफळ. सर माझ्या बोटांकडे बघत होते. चौथं नाव लिहून झाल्यावर मी म्हटलं, "हे बघा, आलं सगळं."

"हे तू आत्ता लिहिलंस," सर म्हणाले. "मी बघितलं. आधी नव्हतं."

मी म्हटलं, काकूंना विचारा. काकूंनी शपथ घेतली. गोविंदला हाक मारली, तो म्हणाला, "व्हय सर, मीच तर आळं म्हनलो." सर तिघांकडेही आळीपाळीने बघत राहिले. त्यांना वाटलं असणार, ही सगळी मला बरं वाटावं म्हणून बोलतायत. आजारी माणसाशी लोक तसं बोलतात हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी मशीनचं झाकण मिटलं. वर्गात निकाल सांगायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "ज्याला नसलेले माड दिसतात, त्याने वाडीवर लिहू नये. अनिरुद्ध माझं वाचून झाडं लावणार. माड फळ धरायला किती वर्षं लागतात माहितीय? चुकलं तर त्याला कळेल तेव्हा मी विचारायलाही नसेन. चुकीचं शिकवायचं नाही. मी कधी शिकवलं नाही."

मी किती विनवलं. ऐकलं नाही. ते वेडेपणाने हटून बसले असते तर मला एवढं लागलं नसतं. पण ते त्यांच्या शहाणपणातलं शेवटचं होतं, आणि त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही.

अनिरुद्धला मी फोनवर सांगितलं. त्याच्यावर चिडायचं ठरवून फोन लावला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, मला वाटलं मी जपून ठेवतोय." दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो आला. बाबांना हाताला धरून वाडीत घेऊन गेला. मीही होते. उभे राहिलेले माड दाखवून विचारत होता, "बाबा, बियाणं याचं की त्याचं?" सर वर बघायचे, डोळ्यांवर हात धरून. "सगळेच चांगले आहेत," म्हणायचे. अनिरुद्धने गोविंदला विचारलं, तू इतकी वर्षं उतरवतोयस, तुला माहीत असेल. गोविंद म्हणाला, "बियान्याचा नारल पाडीत न्हाय, दोरीनं उतरवायचा, येवढा माज्याकडं हाय. झाड सर बोटानं दाखवायचे. बोट कसा ठरायचा ते मला काय ठाव?" आणि त्याने तोंड फिरवलं. वादळात माड पडले तेव्हा त्या माणसाला मी रडताना पाहिलं नव्हतं.

हिवाळा येईतो सरांचं लिहिणंच नव्हे, वाचणंही कमी झालं. वाडी विकायचं बोलणं कुणा कॉटेजवाल्याशी सुरू झालं. अनिरुद्धला मी नावं ठेवत नाही. बाजारातून रोपं आणून लावता आली असती, असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं? एकटा मुलगा, नोकरी पुण्याला, आई थकलेली, आणि बाप असा. त्याने पुस्तक मात्र छापायचं ठरवलं, होतं तेवढं. ते माझ्या दुकानातलं शेवटचं मोठं काम. मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शेवटच्या प्रकरणाचं नाव तेवढं सरांनी टायपून ठेवलेलं होतं, ते तसंच ठेवलं. खाली पान कोरं.

पहिली प्रत घेऊन आम्ही घरी गेलो. सर ओट्यावर खुर्चीत उन्हाला बसले होते. त्या दिवसांत ते कुणाला ओळखत नव्हते, पण पुस्तक हातात दिल्यावर त्यांनी ते उघडलं, चष्मा मागून घेतला आणि वाचायला लागले. मधूनच मोठ्याने वाचायचे. आवाज जुनाच, स्वच्छ. "आळ्यात पाणी मुरताना आवाज येतो." पुन्हा एकदा वाचलं आणि हसले. काकू दारातच उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत. असे ते पान उलटत शेवटपर्यंत आले. कोऱ्या पानावर त्यांनी हात फिरवला.

अनिरुद्ध त्यांच्या पायाशी बसला होता. त्याला एकदम आशा वाटली असावी. "बाबा," तो म्हणाला, "एवढंच राहिलंय. बियाण्याचं. सांगता का?"

"मला कुठलं येतंय?" सर म्हणाले. "पण काळजी करू नका. हा लिहिणारा आहे ना, याला सगळं येतंय. वाडी पायाखालची आहे याच्या. यालाच जाऊन विचारा, हा सांगेल." मग माझ्याकडे वळून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने त्यांनी विचारलं, "बाई, तुमची ओळख आहे का यांच्याशी?"

मी म्हटलं, "होती, सर."